आय वॉक द लाइन: चौथ्या कडव्याची गाठ सुटली!

सुटली एकदाची! अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन' मी गिटारवर बसवतोय. मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो की तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळं सुरळीत, चौथ्याला हमखास बेसूर. तीन आठवडे गळ्याला शिव्या घातल्या. चूक कानाची होती.

पाच कडव्यांच्या पट्ट्या तुम्हाला पाठ आहेतच: ई, ए, डी, परत ए, परत ई. कापो (तारा दाबून धरणारा, पट्टी चढवणारा चिमटा) गिटारच्या पहिल्या पडद्यावर, कारण रेकॉर्डवर सगळं अर्ध्या स्वराने वर आहे. पेटीवर बघायचं तर पांढरी चार, काळी पाच, काळी दोन आणि माघारी. दोन कडव्यांमधलं कॅशचं गुणगुणणं म्हणजे नवा 'सा' धरणं, हेही ठाऊक होतं. पण प्रत्येक कडवं 'सा'च्या नव्हे, पंचमाच्या कॉर्डवर (स्वरांच्या जुडग्यावर) उघडतं! पहिलं ई वर संपतं, दुसरं त्याच ई वर सुरू. दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाही तसंच, तिथे ए. जाताना काहीच करावं लागत नाही, पायाखालची जमीनच परकी होते. परतताना मात्र चौथ्यासाठी डी वरून ई, पुढे पाचव्यासाठी ए वरून थेट बी सेव्हन, म्हणजे ई च्या पंचमाची कॉर्ड. उडीच मारावी लागते. गाणं बायकोशी एकनिष्ठ राहण्याचं, आणि त्यात भरकटणं फुकट, परतणं कष्टाचं! लग्नाला दोन वर्षंही न झालेल्या कॅशने १९५६ साली हे ठरवून केलं असेल असं नाही, पण मला आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

उपाय साधा निघाला. डी संपला की ई छेडायचा, थांबायचं, मग गुणगुणायचं. आणि तानपुऱ्याचं ॲप बंद! तो अढळ षड्जच घात करत होता.

गिटारच्या तारांत कागद अडकवून ड्रमसारखा आवाज काढायची कॅशची युक्तीही करून बघितली. झेरॉक्सचा कागद फडफडतो, लग्नपत्रिका आवाज गिळते. दहाची जुनी, मऊ नोट तारांमधून विणली आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) वाजला! हे गाणं रेकॉर्ड झालं त्या सन स्टुडिओत ड्रमर नव्हताच. ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक गिटार, मार्शल ग्रँटचा बास आणि कॅशचा कागद, एवढ्यावर कॅशचा तो 'बूम-चिका-बूम' ठेका उभा राहिला. कॅशला गाणं संथ हवं होतं, वेग स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सचा. अमेरिकेच्या कंट्री यादीत गाण्याचा पहिला क्रमांक, पॉपमध्ये सतरावा.

पुढचं गाणं कॅशचंच 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' ठरलं होतं, पण लिहिता लिहिता बेत बदलला. हाँकी-टाँकमध्ये (दारूच्या गुत्त्यांतल्या कंट्री गाण्यांत) रडणं जोडीदाराच्या बेइमानीचं, हँक विल्यम्सचं 'युअर चीटिन हार्ट' घ्या. 'आय वॉक द लाइन'मध्ये पहारा स्वतःच्याच मनावर. बारा वर्षांनी, १९६८ साली, कंट्री गायिका टॅमी वायनेटने 'स्टँड बाय युअर मॅन'मध्ये बायकोची बाजू मांडली. कॅशचं आणि टॅमीचं, दोन्ही लागोपाठ वाजवून बघतो.

त्याआधी पाचवं कडवं. ते पहिल्याच्या पूर्ण सप्तक खाली. कापो वर सरकवला की पहिलं डोक्यावर जातं. तो खर्ज मला फक्त पहाटे, चहाच्या आधी लागतो, आणि तेव्हा घरातले झोपलेले असतात. रेकॉर्डिंग तिथेच अडलंय.