तेलाचा डबा आणि आमची एकवीस वर्षं

२००३ साली कुपवाडला एक भट्टी, एक कढई आणि मेहुण्याची सेकंडहँड लूना एवढ्यावर आमचं फरसाण सुरू झालं. शेव पाडायचा झारा मेहुण्यानेच लोहाराकडून करून घेतलेला. आजही तोच चालतो. उजवीकडची भोकं घासून मोठी झालीत, तिथली शेव जरा जाड पडते. जुनी गिऱ्हाइकं तीच निवडून खातात. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. घाणे निघत राहिले, थोडी उधारी बुडत राहिली.

सांगायचंय ते २०२२ चं.

फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला. तेव्हा आपल्याकडचं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनहून यायचं. ते अडकलं तसे सगळे पामवर तुटून पडले, आणि आम्ही तळतो पामवरच. करोनाआधी तेराशेला मिळणारा पंधरा किलोचा डबा तेवीसशेवर गेला. त्यात २२ एप्रिलला इंडोनेशियाने पामची निर्यात बंद करणार म्हणून जाहीर केलं. त्यांच्याच घरात तेल महागलं होतं, त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. पण जगात सर्वांत जास्त पाम त्यांच्याकडे! किलोभर शेवेत तीनशे ग्रॅमच्या वर तेल बसतं, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. हरभरा मात्र आपल्या मातीतला, तो तेव्हा हमीभावाच्याही खाली. बेसन गप्प आणि तेल बोंबलतंय, असा प्रकार.

दलाल म्हणाला, "शेठ, आत्ता घ्या, मग तेल बघायलाही मिळणार नाही." मी सीसी खात्यातून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून, तीनशे डबे उचलले, चोवीसशे पन्नासने. सात लाख पस्तीस हजार. मेहुणा "शंभर घे" म्हणत होता. ऐकलं नाही.

२३ मेला इंडोनेशियाने बंदी उठवली. त्यांच्या टाक्या तुंबल्या होत्या, माल धो-धो बाहेर आला. एप्रिलअखेर मलेशियाच्या बाजारात पामचा वायदा, म्हणजे पुढच्या डिलिव्हरीचा भाव, टनाला सात हजार रिंगिटच्या आसपास होता, तो जुलैत चार हजारांखाली. इकडे रुपयाही घसरून डॉलरला ऐंशीला टेकला. तो सावरलेला असता तर डबा आणखी उतरला असता. माझ्या गोदामात तेव्हा एकशेदहा डबे शिल्लक, जुन्या भावाचे. ४ मेपासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, वाढायला लागला होता, चार टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा. सीसीचं व्याज त्याच्या मागोमाग.

आणि आमच्याच लाईनीतले एक गृहस्थ. नाव घेत नाही, सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी साठा केलाच नव्हता. जुलैत स्वस्त तेल घेऊन किलोमागे बारा रुपये तोडले आणि माझी चाळीस दुकानं नेली. वर पाच रुपयांच्या पुडीतली शेव बावीस ग्रॅमवरून सोळावर आणली, पुडी तेवढीच फुगवून. ही महागाई गिऱ्हाइकाला दिसतसुद्धा नाही. मला आजही ते पचत नाही.

तेव्हा टिकलो ते स्टँडसमोरच्या चहावाल्या काकांमुळे. रोज वीस किलो, पहिल्या वर्षापासून. मी सांगायला गेलो की भाव वाढवतोय. ते गाळणी झटकत म्हणाले, "वाढव की. पण वजन मारलंस तर उद्यापासून येऊ नकोस." आणि महिन्याचे पैसे आगाऊ दिले. व्याजाचा तो हप्ता त्यातूनच गेला.

नवीन पोरांना एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. पंधरा दिवसांपेक्षा जास्त तेल भरू नका, आणि दलालाच्या फोनवर तर मुळीच नाही. आपली कढई सांगलीत असली तरी तिच्यातल्या तेलाचा भाव क्वालालंपूरला ठरतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, त्याच दिवशी त्याच दलालाचा फोन. "शेठ, आत्ता घ्या..." मी मेहुण्याकडे पाहिलं. तो झारा घासत होता, मान वर न करता म्हणाला, "वीस."

वीसच घेतले.