सँटोरिनीत एक दिवस : वर जाण्याआधी खाली कसं यायचं ते ठरवा

क्रूझने ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जाणार असाल तर आधी हे समजून घ्या : जहाज बेटाला लागत नाही आणि जुन्या बंदराला रस्ताच नाही. आम्हाला हे कुणी धड सांगितलं नाही. जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवर परतीचं विचारलं तर उत्तर आलं, "केबल कार आहे, तीन मिनिटांत खाली." तीन मिनिटं खरी आहेत. त्याआधी भर उन्हात रांगेत किती वेळ जातो, ते मात्र त्या बाई बोलल्या नाहीत.

ज्वालामुखी कोसळून झालेल्या खड्ड्यात समुद्र शिरलाय आणि बेट म्हणजे त्या खड्ड्याचा उरलेला काठ. पाणी इतकं खोल की मोठी जहाजं मध्येच थांबतात आणि छोट्या बोटी आपल्याला किनाऱ्यावर नेतात. जहाजाची सहल घेतली असेल तर अथिनिओसच्या धक्क्यावर उतरवून बसने वर नेतात. स्वतंत्र फिरणाऱ्यांना थेट फिरा गावाच्या पायथ्याशी, जुन्या बंदरात सोडतात. तिथून गाव सव्वादोनशे मीटर उभ्या कड्यावर. वर जायला केबल कार, गाढव किंवा पायऱ्या.

मेख परतीची आहे. सहलवाल्यांनाही शेवटी फिरामध्येच सोडतात, हातात केबल कारचं तिकीट देतात आणि गाइड निघून जातो. आमचंही तेच झालं. एवढे पैसे मोजून सहल घ्यायची आणि शेवटी सगळ्यांच्याच रांगेत उभं राहायचं! केबल कार 1979 सालची. एका बाजूला सहा डबे, डब्यात सहा माणसं, म्हणजे एका खेपेला 36. बेटावर दिवसाला जास्तीत जास्त 8,000 क्रूझ प्रवासी येऊ द्यायचे, अशी मर्यादा 2025 पासून आहे. ती पुरती भरली नाही तरी दुपारी तीननंतर सगळ्यांना एकदमच उतरायचं असतं. रांग स्टेशनबाहेर पडून गल्लीत वळते, दागिन्यांच्या दुकानांसमोरून पुढे जाते, आणि सावली जवळपास नाहीच.

तासाभराने रांग अर्धीही सरकली नव्हती. शेवटची बोट साडेपाचची. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, आपण चालूया. इथे उभं राहून चक्कर येण्यापेक्षा ते बरं." भावजींनी पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि आम्ही चौघं पायऱ्यांनी निघालो.

पायऱ्या 588. आकड्याला घाबरू नका, गुडघे धड असतील तर वीस-पंचवीस मिनिटांत उतरता येतं. त्रास दगडांचा आहे. गाढवांच्या आणि खेचरांच्या खुरांनी ते काचेसारखे गुळगुळीत झालेत, प्रत्येक पायरी पुढे उतरती आहे आणि वर लीद पसरलेली. ओल्या लिदीवर पाय पडला की तो सरकलाच. मधल्या वळणांवर वास असा की नाकाला रुमाल लावावा लागतो. वरून दहा-बारा गाढवांची माळ येते तेव्हा डोंगराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभं राहा, दरीकडच्या कठड्याला नाही. ती थांबत नाहीत, आणि हाकणारे मागे कुठेतरी असतात. चांगली पकड असलेले बूट घाला. सँडल आणि चपला इथे धोक्याच्या आहेत. माझा निकाल स्पष्ट आहे : उतरताना पायऱ्या, चढताना केबल कार. सकाळी लवकरची बोट मिळाली तर वर जायला रांग फारशी नसते.

गाढवावर बसू नका. 2018 मध्ये ग्रीसने नियम केला की या जनावरांवर 100 किलोपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार टाकायचा नाही. त्या उन्हात वजनदार माणसं घेऊन चढणारी जनावरं डोळ्यांनी पाहिली की नियमाचं काय होतं ते कळतं. पैसे देऊन त्यात भर घालू नये.

आता ईया गावाचं सांगते. फोटोंत दिसणारे निळे घुमट तिथले. बेटावर सहा तासांपेक्षा कमी वेळ असेल तर सरळ सोडून द्या. फिराहून बस जाते, पण बसलाही रांग असते आणि गल्ल्यांत फोटो काढणाऱ्यांची इतकी दाटी की चालता येत नाही. जायचंच असेल तर जुन्या बंदरातच बोट आणि बस असं एकत्र तिकीट विकतात, ते घ्या. बोट कड्याखालून ईयापर्यंत नेते, बस वर चढवते आणि नंतर फिराला आणून सोडते. सकाळची केबल कार त्यात वाचते. फक्त फिरापर्यंतची बस धरलेली आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि ईयाच्या खाली अम्मुदीच्या धक्क्यावर मासे खाणार असाल तर दर किलोचा असतो. वजन करून, किंमत विचारूनच मासा शिजवायला सांगा. शेजारच्या टेबलावर बिलावरून झालेला वाद आम्ही पाहिला.

फिरामध्ये मला सगळ्यात आवडलं ते प्रागैतिहासिक थेराचं (थेरा म्हणजे सँटोरिनीच) संग्रहालय. गर्दी नाही, आत गारवा. अक्रोटिरी हे साडेतीन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलेलं शहर, तिथली भित्तिचित्रं इथे आहेत. त्यातली निळी माकडं आवर्जून पाहा. ती भारतीय उपखंडातले लंगूर असावेत, असं काही अभ्यासकांनी 2019 मध्ये मांडलं. शेपटीची ती वर वळलेली ऐट पाहिल्यावर आपल्याला लगेच पटतं! मी त्या भिंतीसमोरून हललेच नाही.

शाकाहारी असाल तर फावा मागा. ही तिथल्या पिवळ्या डाळीची घट्ट पेस्ट, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. सोबत टोमॅटोची भजी घ्या. पोट भरतं.

जून ते सप्टेंबर बेटावर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाला माणशी 20 युरो कर आहे, जुलै 2025 पासून. तो जहाजाच्या भाड्यात धरलाय का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. आणि वाटेत तुर्कस्तानचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, तुर्कस्तान त्यात नाही) एकाहून जास्त प्रवेशांचाच हवा.