तुम्ही विचारलंत म्हणून : किती फुटांची बोट घेऊ?

शिडाची बोट गाडीमागे लावून हिंडणारी बाई म्हणून मला ओळखणारे लोक भेटले की हा प्रश्न येतोच. परवा एका जोडप्याने विचारला तो असा: "आम्ही दोघं आणि दोन मुलं. बोट घरी ठेवायची, सुट्टी आली की ट्रेलरवरून पाण्यापर्यंत न्यायची, एखादी रात्र बोटीवरच काढायची. किती फुटांची घेऊ?"

फुटांकडे मी येते. त्याआधी एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. दोन दिवस पाण्यावर काढून तुम्ही परत आला आहात. वारा वाढलाय आणि रॅम्पला, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उताराला, आडवा येतोय. मुलं पेंगुळली आहेत. उजेड तासाभराचाच आहे. आता बोट ट्रेलरवर चढवायची, डोलकाठी खाली घ्यायची, शिडं गुंडाळायची, सगळं आवळून बांधायचं आणि वर तीन तास गाडी चालवायची. बोट पारखताना मी प्रत्येक गोष्ट या वेळेला लावून बघते. सकाळच्या उत्साहात कुठलीही बोट पाण्यात जाते. जिची संध्याकाळ तुम्हाला झेपते तीच पुढच्या सुट्टीला पुन्हा बाहेर निघते. बाकीच्या ताडपत्रीखाली राहतात.

माझी पहिली बोट बावीस फुटांची होती. आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, खिडक्यांना पडदेसुद्धा. पहिल्या वर्षी ती आठ वेळा पाण्यात गेली, दुसऱ्या वर्षी पाच वेळा, चौथ्या वर्षी दोनदा. बोटीत काही खोट नव्हती. शनिवारी सकाळी दोन तास तिची जुळवाजुळव आणि रविवारी संध्याकाळी तितकीच आवराआवर, हे हळूहळू आम्हाला जड व्हायला लागलं आणि आम्ही कारणं शोधायला लागलो. आता माझ्याकडे सतरा फुटांची आहे. गेल्या वर्षी ती एकवीस वेळा पाण्यात गेली.

वजनापासून सुरुवात करा, कारण तिथे हौसेला जागाच नाही. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ते नुसत्या बोटीचं वजन. कॅटालिना २२ ही या वर्गातली बहुधा सर्वांत परिचित बोट. फ्रँक बटलर यांनी १९६९च्या सुमारास आखलेली, पंधरा हजारांहून जास्त बनलेली. हलत्या कीलची, म्हणजे पाण्याखालचं पातं वर-खाली करता येणारी, कॅटालिना २२ साधारण १,००० किलो भरते. त्यात ट्रेलरचे तीनशेच्या आसपास, आउटबोर्ड मोटर, बॅटरी, नांगर आणि साखळी, पिण्याचं पाणी, इंधन, अंथरुणं असं मिळवत गेलात की आकडा १,५०० किलोच्या जवळ जातो. गाडी हे वजन ओढेल का, असं सगळे विचारतात. उतारावर, ओल्या रस्त्यावर ती हे वजन थांबवू शकेल का, हा खरा प्रश्न आहे. गाडी बनवणाऱ्याने ओढायची जी मर्यादा दिली आहे तिच्या ऐंशी टक्क्यांपलीकडे मी जात नाही. आणि सामानासकट भरलेली बोट एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा. प्रत्येक वेळी आकडा माझ्या अंदाजापेक्षा जास्तच निघाला आहे.

त्या वजनातलं किती गाडीच्या हुकावर येतं, हेही बघायचं. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हुकावर हवा. त्याहून कमी असला, म्हणजे बोट ट्रेलरवर फार मागे बसली असली, की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. एकदा हे अनुभवलं की माणूस मोटर आणि नांगर कुठे ठेवायचा याचा विचार आयुष्यभर करतो. रुंदीची काळजी मात्र आखणाऱ्यांनी आधीच घेतलेली असते. युरोपात रस्त्यावर २.५५ मीटरपर्यंत रुंदी चालते, अमेरिकेत साडेआठ फूट, म्हणून या बोटी त्याच्या आतच राहतात.

आता कील. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवायला सांगते, कारण त्या संध्याकाळी तुम्ही किती ओले होणार हे कीलच ठरवते.

बोट वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून पाण्याखाली काहीतरी उभं पातं लागतं, आणि कलली की सरळ व्हावी म्हणून खाली वजन लागतं. धक्क्यावर कायम राहणाऱ्या बोटीत ही दोन्ही कामं एक खोल, जड कील करते. ट्रेलरवर चढणाऱ्या बोटीला ते परवडत नाही, म्हणून प्रत्येक आखणाऱ्याने काहीतरी तडजोड केलेली असते. ती तडजोड तुमच्या पाण्याला आणि तुमच्या रॅम्पला मानवते का, एवढंच बघायचं.

सर्वांत साधी तोड म्हणजे उथळ, पक्की कील. कॉम-पॅक १६ ही बोट उदाहरण म्हणून घ्या. ती पाण्याखाली जेमतेम ४६ सेंटिमीटर उतरते. बिघडायला काही नाही, सरकवायला काही नाही, पातं वर घेतल्यावर ज्यात शिरतं ती, केबिनमध्ये मध्ये येणारी पेटी नाही. पण तेवढी कीलही ट्रेलरवर बोटीला उंच बसवते. बोट तरंगायला ट्रेलर खोल न्यावा लागतो आणि उतार कमी असलेल्या रॅम्पवर गाडीची मागची चाकं पाण्यात जायची वेळ येते. अशा बोटीला ट्रेलरचा दांडा लांबवायची सोय आहे का, हे आधी विचारा. शिवाय वारा जिकडून येतो तिकडे चढताना उथळ कील बोटीला जास्त आडवं सरकू देते. अरुंद खाडीत, समोरून वारा असताना हे फार जाणवतं.

दुसरी तोड हलत्या कीलची. लोखंडी पातं एका खिळीवर फिरतं आणि विंचच्या, म्हणजे हाताने फिरवायच्या चरखीच्या, तारेने आत ओढून घेता येतं. कॅटालिना २२ मध्ये हे पातं साधारण २५० किलोचं आहे. वर घेतलं की बोटीला ६० सेंटिमीटर पाणी पुरतं, खाली सोडलं की दीड मीटर लागतं. चालते सुंदर. पण ते अडीचशे किलो एका तारेवर आणि एका खिळीवर लटकलेले असतात, आणि या दोन्ही वस्तू तुम्हाला दिसत नाहीत. जुनी बोट घेताना तार नवी घालायचीच, असं धरून चला. खिळीचं भोक झिजलं असेल तर पातं बाजूला हलवल्यावर खडखडतं. नांगरावर रात्री लाटा आल्या की तोच आवाज उशीखाली येतो.

वर घेता येणाऱ्या पात्यांचे दोन प्रकार, डॅगरबोर्ड आणि सेंटरबोर्ड, यांतला फरक अनेकांना किरकोळ वाटतो. डॅगरबोर्ड सरळ वर-खाली सरकतो, जागा कमी खातो, त्याची बनावट सोपी. पण तळाला खडक लागला तर तो मागे वळत नाही. सगळा धक्का पेटीवर घेतो. सेंटरबोर्ड खडकाला लागला की मागे झुलून वर येतो आणि तुम्हाला सांगतो की पाणी संपलं. ज्यांचं पाणी उथळ आणि तळ अनोळखी, त्यांना मी कायम झुलणारं पातं घ्यायला सांगते, मग केबिनमध्ये त्याची पेटी गुडघ्याला लागली तरी चालेल.

तिसरी तोड पाण्याच्या बॅलस्टची, म्हणजे बोट सरळ ठेवणारं वजन पाण्याचंच. तळात टाकी, बोट पाण्यात उतरली की ती भरायची, वर काढताना रिकामी करायची. मॅकग्रेगर २६एम मध्ये असं ५२० किलो पाणी भरतं, म्हणजे तेवढं वजन रस्त्यावर ओढायचं वाचतं. कल्पना हुशारीची आहे, पण ती कशी चालते ते समजून घ्या. पाण्यातल्या पाण्याला वजन जाणवत नाही. टाकीतलं पाणी कामाला लागतं ते बोट कलून टाकी वर उचलली जायला लागल्यावर. त्यामुळे अशी बोट सुरुवातीला पटकन कलते आणि मग घट्ट होते. नवख्या मुलांना ते पहिलं कलणं घाबरवतं. आणि टाकी भरणं हे मनावर सोडून चालत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या लेक शॅम्प्लेनवर पाण्याच्या बॅलस्टची एक बोट उलटली. बोटीवर अकरा माणसं होती, टाकी भरलेली नव्हती. केबिनमधली दोन मुलं गेली. अशी बोट घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आणि टाकी भरल्याची खात्री झाल्याशिवाय धक्का सोडायचा नाही, हा घरचा नियम करायला लावते.

डोलकाठीकडे कोणी नीट बघत नाही. पंचवीस फुटांची ॲल्युमिनियमची डोलकाठी आडवी असताना हलकी वाटते. उभी करताना पंचेचाळीस अंशांपर्यंत ती खांद्यावर येते, त्यात तारा कुठेतरी अडकतात, वारा तिला एका बाजूला ढकलतो. बनवणारे सांगतात वीस मिनिटं; तुम्ही तासभर धरा. म्हणून बुडाशी बिजागरी असलेली, मध्ये आधाराची काठी लावून दोराने एकट्याने वर घेता येणारी डोलकाठी शोधा. जुन्या धाटणीची शिडं इथे फार कामाला येतात. ड्रॅस्कॉम लगर किंवा कॉर्निश श्रिम्पर या बोटींच्या डोलकाठ्या आखूड असतात, कारण शिडाची उरलेली उंची वेगळ्या वाशाने साधलेली असते. वारा जिकडून येतो तिकडे या बोटी जरा कमी चढतात. पण रविवारी संध्याकाळी आखूड काठी हातात आली की तो हिशेब फिटतो.

आणि काठी उभी करण्याआधी वर बघा. रॅम्पजवळ, पार्किंगवर विजेच्या तारा असतात. डोलकाठी धातूची असते, तिला ताणून धरणाऱ्या स्टेच्या तारा धातूच्या असतात. बोट उभ्या काठीने दहा पावलं जरी सरकवायची असली तरी आधी कुणीतरी पुढे चालत जाऊन वर बघून यायचं. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता फूट. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ घ्या, त्याला १.३४ ने गुणा, साधारण तितके नॉट्स, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. सोळा फुटांना ५.४, वीस फुटांना ६. चार तासांच्या फेरीत फरक पडला तर दोन-अडीच सागरी मैलांचा. लांबीने जागा मिळते, लाटेवर थोडा आराम मिळतो. सुरक्षितता मात्र फुटांवर मोजता येत नाही. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली वेफेरर ही बोट सोळा फुटांना दोन इंच कमी, वरून पूर्ण उघडी. त्याच बोटीने फ्रँक डाय १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंडला गेले. तसं करा असं मी म्हणत नाही. बोट आणि माणूस यांची जोडी किती सरावाची आहे यावर सगळं असतं, आणि सराव होतो वारंवार पाण्यात गेल्याने.

केबिनबद्दल थोडक्यात: वर्षाला किती रात्री बोटीवर काढणार ते प्रामाणिकपणे लिहून काढा. चार-सहा असतील तर दोघांना नीट पाठ टेकता येईल एवढी जागा आणि कॉकपिटवर, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेवर, ओढायचा तंबू पुरतो.

ट्रेलर ही बोटीबरोबर फुकट येणारी वस्तू समजू नका. तो अर्धी बोट आहे. आमचा एकदा परतीच्या वाटेवर चाकाच्या बेअरिंगपायी बंद पडला. रात्री अकरा वाजता, रस्त्याच्या कडेला. प्रवासात तापलेलं बेअरिंग तसंच थंड पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. खारं पाणी असेल तर गंज आलाच. तेव्हापासून रॅम्पवर पोचल्यावर आम्ही आधी डोलकाठी उभी करतो, चाकं निवेपर्यंत ट्रेलर पाण्यात घालत नाही. वाटेत अर्ध्या तासाने थांबून चाकाच्या मधोमध हात लावून बघतो. कोमट चालतं, हात ठेववत नसेल तर तिथेच थांबायचं. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात, म्हणून नक्षीवर जाऊ नका, बाजूला छापलेली तारीख वाचा.

तर तुम्हा चौघांसाठी. सतरा ते एकोणीस फूट, झुलणारं पातं किंवा उथळ कीलमधून खाली येणारं पातं, ट्रेलर आणि सामानासकट तुमच्या गाडीच्या मर्यादेच्या बरंच आत. लाईल हेस यांची माँटगोमेरी १७ ही साधारण ७०० किलोची बोट मी सर्वांत आधी बघेन. गाडी लहान असेल तर वेस्ट वाइट पॉटर १९ आणखी हलकी आहे, पातं वर घेतल्यावर पंधरा सेंटिमीटर पाण्यातही तरंगते. फक्त तिचं पातं सरळ सरकणारं आहे, तेव्हा खडकाळ पाण्यात जपून. दोघं आत झोपा, मुलांना कॉकपिटवरच्या तंबूत झोपू द्या. त्यांना तेच आवडेल.

आणि जुनी बोट बघायला जाल तेव्हा मालकाला सकाळी भेटू नका. तो पाण्यावरून परत येत असेल त्या वेळी रॅम्पवर जा, दोर धरायला मदत करा, आणि बोट ट्रेलरवर चढल्यापासून गाडी निघेपर्यंत घड्याळ लावून बघा.