तेहतीस खणांचे देऊळ आणि बासरी वाजवणारा गरुड

क्योतोच्या थंडीला जपानी लोक ‘सोकोबिए’ म्हणतात, म्हणजे तळातून वर चढत येणारा गारठा. ओसाकात सहा हिवाळे काढल्यामुळे हा शब्द मला अर्थासकट ठाऊक होता. अंगाने तो कळला मात्र या जानेवारीत, सान्जूसान्गेन्दो या मंदिराच्या दारात बूट काढून कप्प्यात ठेवल्यावर.

बूट काढायला लावतात याबद्दल माझी तक्रार नाही. देवळात पादत्राणे घालून जाऊ नये हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, आणि दर्शन घेताना अर्धे लक्ष चपलांपाशी ठेवावे लागत नाही याचे तर मला येथे आल्यापासून अप्रूपच वाटत आले आहे. परंतु वैशाखात तापलेल्या फरसबंदीवरून पाय उचलत पळणे निराळे आणि पातळ सुती मोज्यांनिशी, कडाक्याच्या थंडीत, गुळगुळीत लाकडी जमिनीवरून चालणे निराळे. तेथे चटका बसला की सावली गाठता येते. येथे दालनच सुमारे 120 मीटर लांब, मूर्तींसमोरून जायचे आणि त्यांच्या पाठीमागून परत यायचे. सगळा ऐवज लाकडाचा असल्यामुळे आत शेगडीची अपेक्षा करण्यातही अर्थ नव्हता. मी आधी टाचांवर, मग पावलांच्या कडांवर उभी राहून पाहिले. शेवटी शेजारच्या एका आजींनी काही न बोलता पिशवीतून ‘काइरो’ काढून माझ्या हातावर ठेवले. हवा लागली की तापणारी ही पुडी असते; ती मोज्याला कशी चिकटवायची हे त्यांनी स्वतःच्या पायाकडे बोट दाखवून समजावले. सहा वर्षे येथे राहणाऱ्या बाईला हे सांगावे लागावे याची लाज वाटली, पण पाय शेकू लागल्यावर ती फार वेळ टिकली नाही.

मंदिराच्या नावातले तेहतीस म्हणजे खांबांमधली अंतरे. आपल्या वाड्यांच्या भाषेत सांगायचे तर हे तेहतीस खणांचे दालन आहे. त्यात अवलोकितेश्वर या बौद्धांच्या करुणामय बोधिसत्त्वाच्या, म्हणजे जपानी कान्नोनच्या, 1001 मूर्ती आहेत. मधली मोठी बैठी मूर्ती तान्केई या शिल्पकाराने 1254 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, पूर्ण केली. 1164 मध्ये बांधलेले मूळ मंदिर 1249 च्या आगीत गेले. त्या पहिल्या काळातल्या 124 मूर्ती आजही रांगांत उभ्या आहेत, आणि आजची इमारत 1266 ची, म्हणजे ज्ञानेश्वरीहून चोवीस वर्षांनी जुनी आहे.

हे वाचताना मला शनिवारवाडा आठवला. तो 1828 मध्ये जळला आणि तटाच्या आत जोते तेवढे उरले. पुन्हा कोणी उभा केला नाही. पण तेव्हा पुण्यात राज्य कोणाचे होते हेही लक्षात घ्यायला हवे, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत हेही विसरता कामा नये. ही वकिली मी कोणापुढे करत होते कोण जाणे. आजी तर केव्हाच पुढे गेल्या होत्या.

मूर्तींच्या पुढच्या बाजूला अठ्ठावीस रक्षक देवता आहेत, आणि त्यांच्यात आपली मंडळी बरीच निघतात. इंद्र तेथे ताइशाकुतेन होतो, ब्रह्मा बोन्तेन. मी मात्र गरुडापाशी खिळले. त्याला येथे कारुरा म्हणतात. चोच आहे, पंख आहेत, आणि हे महाशय चक्क बासरी वाजवत आहेत, तेही पायाने ताल धरल्यासारखे. पंढरपूरच्या गरुडखांबाला मिठी मारून मोठी झालेली मी. विष्णूसमोर हात जोडून बसलेला गरुड सोडून दुसरा गरुड माझ्या कल्पनेतही नव्हता.

आत छायाचित्र काढायला मनाई आहे. या नियमाचा मला मनापासून राग आला, कारण ही एक मूर्ती आईला दाखवता आली असती तर दिवाळीला न आल्याबद्दलचा तिचा रुसवा थोडा तरी कमी झाला असता. मग मी दहा मिनिटे तेथेच उभी राहून गरुडाची बोटे, चोच आणि पाऊल पाठ केले. नोकरीत रजा मिळत नव्हती हे खरेच आहे. तिकिटांचे दरही तेव्हा भलतेच चढले होते.

संध्याकाळी शिचिजो स्थानकावर गाडीची वाट पाहताना आईला फोन लावला आणि सगळे वर्णन केले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अगं, पण बासरी त्याच्या हातात, मग देवाला हात कोण जोडतं तिथे?” रक्षकांमध्ये हात जोडून उभी असलेली एक कृश म्हातारीही आहे, हे मी तिला सांगितले. “मग ठीक आहे,” आई म्हणाली, आणि पायांत लोकरीचे मोजे आहेत का ते विचारू लागली.