पोलिसांच्या जुन्या पिस्तुलासाठी तीन खेपा

पहिल्या खेपेत पिस्तूल पसंत केलं, दुसऱ्या खेपेत फॉर्म भरला आणि तिसऱ्या खेपेत ते घरी आलं. यातली एक खेप नक्की वाचली असती, म्हणून टेक्सासातल्या आपल्या मंडळींसाठी सगळं सविस्तर लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरचा. राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्या गावाकडचा माणूस, त्यामुळे नेमबाजी म्हणजे खेळ हे डोक्यात पक्कं. इथे प्लेनोला आल्यावर यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्थानिक सामन्यांना जाऊ लागलो. तिथल्या लिमिटेड गटात 'मेजर' गुणांकन, म्हणजे जोरकस काडतुसाला मिळणारे जादा गुण हवे असतील, तर काडतूस किमान .४० (इंच व्यासाच्या गोळीचं) लागतं. नवं पिस्तूल खिशाला परवडेना. क्लबमधल्या एका जुन्या नेमबाजाने सुचवलं, 'पोलिसांचं ट्रेड-इन बघ.'

ट्रेड-इन म्हणजे पोलीस खात्याने नवी शस्त्रं घेताना जुनी विक्रेत्याला परत द्यायची, त्यांची किंमत नव्या बिलातून वजा व्हायची आणि जुनी दुकानांतून आपल्यासारख्यांना विकली जायची. यात .४० चीच गर्दी का, त्यालाही इतिहास आहे. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर जास्त जोरकस काडतुसाचा शोध सुरू झाला आणि १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आलं. देशभरच्या खात्यांनी ते उचललं. पुढे ९ मिमीच्या गोळ्या सुधारल्या, एफबीआय पुन्हा ९ मिमीकडे वळली आणि तिच्यामागोमाग बाकीची खातीही वळली. त्यामुळे ग्लॉक २२ सारखी .४० ची उत्तम पिस्तुलं स्वस्तात मिळतात.

शनिवारी सकाळी ७५ नंबरच्या हायवेने शर्मनच्या बाजूला निघालो, तासाभराचा रस्ता. दुकानात काचेखाली आठ-दहा ग्लॉक २२ एका ओळीत मांडलेली होती. पहिल्या नजरेला सगळी म्हातारी दिसतात. होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) हजारदा काढून-घालून स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, कडांचा काळा रंग उडालेला असतो. या रंगाकडे अजिबात बघू नका. बहुतेक पोलिसांचं पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला असतं आणि झाडलं जातं ते मुख्यतः सरावाला आणि पात्रता चाचणीला. म्हणजे बाहेरून झिजलेलं आणि आतून धडधाकट, असाच हा माल असतो. आपल्याला बघायचंय ते आत.

दुकानदाराला विचारल्याशिवाय काहीही खोलू नका. परवानगी मिळाली की आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. दुकानदाराने तपासून हातात दिलेलं असलं तरी स्वतः तपासा. मग स्लाइड उतरवून नळी उजेडाकडे धरा. आत खड्डे, गंज किंवा फुगवटा दिसला तर तिथेच परत ठेवा. ग्लॉकच्या नळीच्या आतले कंगोरे गोलसर असतात, ते झिजलेत असं समजून घाबरू नका. फ्रेममधल्या (खालच्या सांगाड्यातल्या) स्लाइड सरकते त्या चारही धातूच्या पट्ट्या शाबूत हव्यात.

स्लाइड पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे. रिकामं पिस्तूल सुरक्षित दिशेला, तोंड ४५ अंश वर. स्लाइड पूर्ण मागे ओढायची, ट्रिगर दाबून धरायचा आणि स्लाइड हळूहळू सोडायची. ती पूर्ण बंद झाली तर स्प्रिंगमध्ये जीव आहे. मी चार पिस्तुलं बघितली. दोन आपोआप बंद झाली, एक अर्ध्या बोटावर अडकलं, एकाची नळी मला आवडली नाही.

नाइट साइट्ससाठी, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या नेमाच्या खुणांसाठी, जादा पैसे मोजू नका. त्यातला चमक देणारा ट्रिटियम साधारण १२ वर्षांत निम्मा उरतो. हाताचा द्रोण करून अंधारात बघा, माझ्या पिस्तुलाच्या खुणांत जेमतेम काजव्याइतका उजेड होता. मात्र मॅगझिन किती मिळणार हे जरूर विचारा. मला १५ गोळ्यांची तीन मिळाली, तो मोठा फायदा. किंमत ३२९ डॉलर, ८.२५ टक्के कर धरून ३५६.

आणि मग पत्ता आडवा आला. वसंतात घर बदललं होतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर जुनाच पत्ता होता. फॉर्म ४४७३, म्हणजे शस्त्र खरेदीचा फेडरल फॉर्म, त्यासाठी सध्याचा पत्ता सरकारी कागदावर लागतो. माझ्याकडे खासगी कंपनीचं विजेचं बिल होतं, ते चाललं नाही. पुढच्या शनिवारी नव्या पत्त्याचं गाडीचं रजिस्ट्रेशन नेलं, ते चाललं. ग्रीन कार्डही सोबत ठेवा, त्यावरचा नंबर फॉर्मात लिहावा लागतो. फॉर्मातला प्रत्येक प्रश्न शांतपणे वाचा. खरेदी स्वतःसाठीच आहे का, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्या कुणासाठी घेऊन 'हो' लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. एखाद्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी या फॉर्मापुरता तो बेकायदेशीरच.

एच-१बी, एल-१, एफ-१ वर असलेल्यांनी हे नीट वाचा. अशा नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर सर्वसाधारणपणे शस्त्र विकत घेणंच नव्हे, तर जवळ बाळगणंही निषिद्ध आहे. वैध शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना हौसेने रेंजवर नेऊन पिस्तूल हातात देणारे मी पाहिलेत. तोही ताबाच धरला जातो. कृपा करून हे करू नका, त्यांच्या व्हिसाचा प्रश्न आहे.

फॉर्म भरल्यावर होणाऱ्या माझ्या पार्श्वभूमीच्या तपासणीचं उत्तर 'डिलेड' (लांबणीवर) आलं. याचा अर्थ नकार नव्हे. मंगळवारी दुकानातून फोन आला आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिसरी खेप केली. कुलपाच्या डब्यात, रिकामं, डिकीत ठेवून आणलं.

घरी तिजोरी आधीच बसवून घेतली होती. बायकोची ती अट होती आणि ती शंभर टक्के बरोबर होती. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्सासात तो गुन्हा आहे, आणि आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. पिस्तूल खोलून साफ केलं, तेव्हा आतून कित्येक वर्षांची धूळ आणि वाळलेलं तेल निघालं. स्प्रिंग परीक्षेत पास झाली होती तरी नवी टाकली, फार महाग नसते. रविवारी रेंजवर शंभर गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही.

खंडेनवमीला ते रिकामं करून, मॅगझिन बाजूला ठेवून, आजोबांच्या अडकित्त्याशेजारी पाटावर ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं आणि पुन्हा तिजोरीत बंद केलं.