गिअरबॉक्सचा ताप मोजत चढलेला घाट

पहाटे पाचला पिकअप सुरू केली तेव्हा गिअरबॉक्सचं तेल २१ अंशांवर होतं. मागच्या ट्रेलरवर दादाची लेथ, रंधा मशीन, दोन मोटारी आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या लाकडाच्या फळ्या होत्या. ट्रेलर धरून २,२०० किलो. पिकअपचं स्वतःचं वजन मिळवलं तर साडेचार टनांच्या वर. हे सगळं ५०० मीटर उंचीवरून २,३०० मीटरच्या खिंडीत चढवायचं आणि पलीकडे उतरवून दादाच्या नव्या वर्कशॉपच्या दारात नेऊन ठेवायचं, एवढंच त्या दिवसाचं काम होतं. घाटाची लांबी ४१ किलोमीटर.

हाच घाट आणि हीच पिकअप. चार वर्षांपूर्वी मी इथेच गिअरबॉक्स जाळला होता. त्या दिवशी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावरून एक केसही हलला नव्हता. मी त्याच्याकडे बघत निर्धास्त चढत राहिले. खिंडीच्या सहा किलोमीटर आधी इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग वाढेना, आणि आत जळका, आंबूस वास पसरला. तेल काढलं तर ते लालऐवजी काळपट तपकिरी निघालं. क्लच प्लेट्सवरचं अस्तर जळून गेलं होतं. तो काटा इंजिनाच्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो, गिअरबॉक्सशी त्याचा थेट संबंध नसतो, हे मला त्यानंतर नीट कळलं. धोक्याचा दिवा असतो, पण तो लागेपर्यंत तेलाचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणून या वेळी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायच्या सॉकेटमध्ये, ते आकडे फोनवर पाठवणारा एक छोटा डोंगल लावला होता आणि दादाच्या हातात फोन होता. गिअरबॉक्सच्या तापमानाचा कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे अ‍ॅपमध्ये आपल्या गाडीचा नेमका कोड भरावा लागतो. नाहीतर आकडा दिसतच नाही किंवा भलताच दिसतो. तो बरोबर आहे का हे पडताळण्याची सोपी रीत म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून बघायचं. गिअरबॉक्स, कूलंट आणि बाहेरची हवा, तिघांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. आमचे २१, २१ आणि २०.

"दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने सांग, दादा," मी म्हटलं. "आणि तीन मिनिटांत पाच अंश चढला तर लगेच सांग."

सपाटीवर पहिली पंधरा-वीस मिनिटं मी मुद्दाम हळू चालवली. थंड तेल जाड असतं. बऱ्याच पिकअपमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाची नळी आधी रेडिएटरच्या कडेच्या टाकीतून जाते, तिथे सकाळी कूलंट तेलाला ऊब देतं आणि दुपारी तेच कूलंट तेलाची उष्णता काढून घेतं. माझ्या गाडीत त्यापुढे, रेडिएटरच्या समोर, हवेवर चालणारा एक जास्तीचा ऑईल कूलर बसवून घेतलेला आहे. अर्ध्या तासाने दादा म्हणाला, "८२." पुढचे दोन तास आकडा ८२ ते ८६ मध्येच राहिला. सूर्य वर आला, रस्ता सरळ होता, आणि ट्रेलर मागे आहे हे फक्त ब्रेक लावताना जाणवत होतं.

घाटाच्या पायथ्याशी थांबलो. टायर, हुक, साखळ्या, पट्टे सगळं पुन्हा पाहिलं. ओझं ओढतानाच्या टो मोडचं बटण दाबलं, एसी बंद केला. माझ्या गाडीत एसीचा कंडेन्सर कूलरच्या पुढेच आहे आणि त्याची गरम हवा कूलरवर येते.

दादाला मशीनची आवड आहे, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी त्याचा कधी संबंध आला नाही. त्याने विचारलं, "अगं, इंजिन ठीक आहे, मग गिअरबॉक्स का तापतो? दातांच्या घर्षणाने?"

दातांच्या घर्षणाने तापतो तो थोडाच. खरी उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक सुरू करा, त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागेल. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक चक्र फिरवतं, ते तेल फेकतं, आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचं दुसरं चक्र फिरतं. मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, म्हणून जागेवरून हलताना जास्तीचा जोर मिळतो. ही कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी मांडली. पण दुसरं चक्र पहिल्यापेक्षा जितकं मागे पडतं, तितकी ताकद तेल घुसळण्यातच खर्च होते. चढावर इंजिन ६० किलोवॅट देत असेल आणि त्यातला पाचवा हिस्सा कन्व्हर्टरमध्ये गेला, तर १२ किलोवॅटची उष्णता झाली. दोन किलोवॅटचे सहा हीटर त्या तेलात बुडवून ठेवल्यासारखं. गाडीने पुरेसा वेग घेतला की आतला लॉकअप क्लच दोन्ही चक्रं एकत्र बांधतो, घुसळण थांबते आणि तापमान आपोआप खाली येतं. घाटात हाताळायचं असतं ते हेच: लॉकअप टिकवायचा.

पहिले १२ किलोमीटर चांगले गेले. मी गिअर हाताने तिसऱ्यावर धरून ठेवला होता. इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर गुरगुरत होतं. दादाला तो आवाज खटकत होता, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला चढावर जड पाय आणि वरचा गिअर जास्त त्रास देतात. खालच्या गिअरमध्ये कन्व्हर्टरवर कमी ताण येतो, लॉकअप टिकतो, आणि तेलाचा पंप इंजिनाबरोबर फिरत असल्याने कूलरकडे तेलही जास्त जातं. ९१, ९४, ९६. तिथेच स्थिरावला. खाली दरीत ढगाचा एक पांढरा पट्टा अडकला होता आणि त्याच्या वर आमचा रस्ता वळणावळणाने दिसत होता. चार वर्षांपूर्वी यातलं काहीच मला दिसलं नव्हतं, कारण त्या दिवशी मला घाई होती.

मग एका वळणापुढे भरलेला मोठा ट्रक भेटला. ताशी दहा-बारा किलोमीटर. ओव्हरटेक करायला जागा नव्हती, आणि मागे ट्रेलर असताना मी तो विचारही करत नाही. मी पहिल्या गिअरवर आले. या वेगाला लॉकअप लागत नाही, कूलरवर समोरून हवा येत नाही, आणि चढ सगळ्यात तीव्र तिथेच होता. तिन्ही गोष्टी एकदम.

"१०१." मग "१०५." दादाचा आवाज बदलला. "अगं, १०९."

माझ्या मनात दोन रेघा पक्क्या होत्या: १०५ ला सावध व्हायचं, ११५ ला थांबायचं. या रेघा हवेतून आणलेल्या नाहीत. जुन्या मेकॅनिकांचा एक ठोकताळा आहे, की ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. साधारण ११५ च्या पुढे तेलाचा वार्निशसारखा थर आतल्या झडपांवर बसू लागतो, १२५-१३० ला रबरी सील कडक व्हायला लागतात, १४५ च्या आसपास क्लच प्लेट्स घसरू लागतात. आजची सिंथेटिक तेलं यापेक्षा जास्त सोसतात, आणि काही नवे गिअरबॉक्स मुळातच ९५-१०० ला चालावेत असे बनवलेले असतात, त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पण एकदा हात पोळल्यावर मी जुन्या रेघा सोडायला तयार नाही.

मी ट्रकपासून अंतर वाढवलं. त्याच्या मागे रांगत, थांबत, पुन्हा उचलत जाण्यापेक्षा तो पुढे गेलेला बरा. पण त्याने फार फरक पडला नाही. ११३ ला उजवीकडे दगड फोडून केलेली रुंद, सपाट जागा दिसली आणि मी गाडी तिकडे घेतली. उभी राहीपर्यंत ११७.

दादाचा हात चावीकडे गेला. "बंद कर ना, थंड होऊ दे."

"नाही, दादा. बंद केलं तर पंप थांबेल. गरम तेल आहे तिथेच पडून राहील."

हँडब्रेक ओढला, चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, गिअर न्यूट्रलला टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिन १,२०० फेऱ्यांवर धरलं. न्यूट्रलमध्ये कन्व्हर्टरचं दुसरं चक्र जवळजवळ मोकळं फिरतं, म्हणजे नवी उष्णता फारशी तयार होत नाही. पंप मात्र तेल कूलरमधून फिरवत राहतो. पार्क न वापरण्याचं कारण असं, की काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कला तेल कन्व्हर्टर आणि कूलरकडे जातच नाही. शिवाय मी केबिनचा हीटर पूर्ण वेगात लावला. त्याने कूलंट थंड होतं, आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या आमच्या तेलाला त्याचा फायदा मिळतो. दोन्ही खिडक्या उघड्या, तरी आत बसवत नव्हतं.

आकडा आधी ११९ झाला. दादाने माझ्याकडे पाहिलं. मला हे अपेक्षित होतं: सेन्सर खाली तेलाच्या तळाशी असतो, आणि कन्व्हर्टरमधलं सगळ्यात गरम तेल तिथे पोचायला वेळ लागतो. म्हणूनच स्क्रीनवरचा आकडा नेहमी थोडा मागे असतो आणि तो किती वेगाने चढतोय याकडे जास्त लक्ष द्यायचं असतं. तीन मिनिटांनी ११५. सात मिनिटांनी १०६. बाराव्या मिनिटाला ९७. तोवर ट्रकचा आवाज वरच्या तिसऱ्या वळणापलीकडे विरून गेला होता. आणखी दहा मिनिटं आम्ही तिथेच राहिलो. दरीतून गार वारा येत होता, आणि ट्रेलरवरची ताडपत्री हलकेच फडफडत होती.

त्यापुढचा घाट रिकामा मिळाला. उंची वाढली तशी हवा गार झाली, पण विरळही. विरळ हवा कूलरमधून कमी उष्णता घेऊन जाते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोरही दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. म्हणून शेवटचे दहा किलोमीटर मी घाई केली नाही. ९९ अंशांवर खिंडीत पोचलो. वर गवत आणि वारा, बाकी काही नाही. दादा ट्रेलरच्या कडेला हात ठेवून बराच वेळ मागच्या रस्त्याकडे बघत उभा होता.

उतार सोपा गेला. तिसरा गिअर, इंजिन ब्रेकिंग, ब्रेक अधूनमधून. तळाला आलो तेव्हा आकडा ८४.

तापमानाची दिवसातली सगळ्यात वेगवान वाढ मात्र वर्कशॉपच्या दारात बघायला मिळाला. तिथे ट्रेलर चाळीस मीटर चढाच्या गल्लीतून मागे न्यायचा होता. रिव्हर्समध्ये लॉकअप नसतो, आणि इंच इंच सरकताना कन्व्हर्टर नुसतं तेल घुसळत राहतो. चार मिनिटांत ८६ वरून १०२! घाटातसुद्धा इतक्या वेगाने आकडा चढला नव्हता. मी मधेच दोनदा थांबले, ठोकळे लावले, न्यूट्रल केलं, आणि मग पुन्हा सुरुवात केली. दादा मागे उभा राहून हाताने दिशा दाखवत होता आणि फोन त्याच्या दुसऱ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर सोडवून मी पंधरा किलोमीटरची फेरी मारून आले, कारण पातळी गरम तेलातच बघायची असते. गाडी सपाटीला, इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलला. डिपस्टिक पुसली, पुन्हा बुडवली, आणि दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकले. पातळी खुणेवर होती. रंग लाल, किंचित गडद. दादाने कागद नाकाशी नेला.

"जळका वास नाही," तो म्हणाला, आणि लेथचे पट्टे सोडायला गेला.