अर्ध्या वाटीची माणसं

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत काउंटरला बसते. त्यामुळं वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचं माझं बारीक होणं खाजगी राहिलंच नाही, अख्ख्या शिवाजी पेठेनं पासबुक भरून घेता घेता ते पाहिलं. प्रश्न सगळ्यांचे तेच. डॉक्टर कोण, खर्च किती आला, किलो किती गेले? आणि जाता जाता एक वाक्य, "बरं झालं बाई, एकदाचं कापून टाकलंस, सुटलीस!"

सुटले कुठली! दुर्बिणीतून होणारं हे ऑपरेशन तास-दोन तासांत उरकतं. माझं झालं ते स्लीव्ह. त्यात जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात, मागं उरते ती केळ्याएवढी नळी. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन ज्या भागात जास्त तयार होतं, तोही त्यातच जातो, म्हणून पहिले काही महिने पोटाला भूक फारशी लागत नाही. डोक्याला मात्र लागते. शेजारच्या घरातून कांदा-लसूण चटणीच्या फोडणीचा वास आला की लागते, साहेब ओरडले की लागते. त्या भुकेचं सर्जन काय करणार? तिच्यासाठी मला असं ऑपरेशन झालेली माणसं लागली, आणि ती रविवारी सकाळी रंकाळ्यावर भेटतात.

आम्हाला नाव नाही. कागलच्या वहिनी, इचलकरंजीचे यंत्रमागवाले काका, उद्यमनगरातला एक भाऊ, गडहिंग्लजहून तपासणीला आली की हमखास येणारी एक मास्तरीण, आणि मी. अधूनमधून नवं कोणी. माझ्या डायटिशियन मॅडमनी ऑपरेशनच्या आधीच वहिनींचा फोन नंबर हातात दिला आणि म्हणाल्या, "मी सांगते ते पुस्तकातलं, ह्या सांगतील ते घरातलं."

वहिनींनी माझं वजन विचारलं नाही. पहिलाच प्रश्न, "घरात स्वयंपाक कोण करतं?"

मीच करते म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्पच. मग म्हणाल्या, "मग जाऊबाईंना आत्ताच सांगून ठेवा. तुम्ही डाळीचं पाणी पिणार आणि मटणाला फोडणी तुम्हीच देणार, हे व्हायचं नाही." हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे आमच्या घरचा रविवारचा रस्सा जाऊबाईंच्या चुलीवर शिजला, हे त्या एका फोनमुळं.

आधीची तयारी लोकांना वाटते त्यापेक्षा मोठी असते. साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचं, जास्त प्रथिनांचं, बरंचसं पातळ खाणं देतात. त्याचं कारण मला काकांनी समजावलं. यकृताचा डावा भाग जठरावर येतो. तो चरबीनं फुगलेला असला की ऑपरेशनच्या वेळी उचलून धरणं अवघड जातं, आणि या खाण्यानं तो आकसतो. काकांना हे इतकं चोख माहीत, कारण स्वतः त्यांनी आधी निरोपाचा दौरा काढला होता. आज तांबडा-पांढरा, उद्या मिसळ, रात्री गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध. "आता परत मिळायचं न्हाई म्हणून खाल्लं. परत सगळं मिळतंय की! अर्धी वाटी मिळतंय." नव्या माणसाला ते हा किस्सा सांगतातच, आणि दर वेळी त्यात एक पदार्थ वाढतो.

बाकी सरावाच्या गोष्टी. घास अगदी पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. तीन छोट्या चेंडूंच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे, म्हणजे भुलीनंतर छातीत कफ साठत नाही. झोपेत मोठ्यानं घोरत असाल, मध्येच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि मिश्री. आमच्यात आलेल्या एका मावशींना दवाखान्यात विचारलं होतं, तंबाखू खाता का? त्या ठामपणे नाही म्हणाल्या. रंकाळ्याच्या कठड्यावर बसल्यावर वहिनींनी वेगळं विचारलं, "मावशी, सकाळी मिश्री लावता का हो?" मावशी म्हणाल्या, "ती व्हय, ती लावतो की. ती कुठं तंबाखू?" निकोटिननं जखम उशिरा भरते, जठराला व्रण होऊ शकतो, म्हणून काही आठवडे आधीपासून तंबाखू पूर्ण बंद लागते. मावशी त्याच आठवड्यात डॉक्टरांना खरं सांगून आल्या आणि ऑपरेशनची तारीख पुढं गेली. डॉक्टरांनी प्रश्न चुकीचा विचारला असं मी म्हणणार नाही, पण आमच्याकडच्या बाईला मिश्रीबद्दल कसं विचारायचं हे बाईलाच कळतं.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार जण अडकतात. १९९१ च्या जुन्या निकषात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) ४० किंवा गंभीर आजारासह ३५ अशी अट होती. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी ती, आजार असो-नसो, ३५ वर आणली आणि आशियाई लोकांना २७.५ च्या पुढंही हा पर्याय द्यावा असं म्हटलं. आपल्याकडच्या विमा पॉलिसीत मात्र लठ्ठपणाच्या कलमात तीच ४० ची, किंवा गंभीर आजारासह ३५ ची ओळ असते. त्यामुळं डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा कंपनी हो म्हणेलच असं नाही. पॉलिसी आधी वाचा, मग रजा टाका.

ऑपरेशननंतर मी पाणी प्यायचे ते औषधाच्या बाटलीवरच्या टोपणानं. टोपणात मावेल तेवढं, तेही घोट घोट. मग ताक, डाळीचं पाणी, दुधात प्रथिनांची पावडर, मग मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, मग मऊ अंडं. साधं जेवण यायला दीड-दोन महिने. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि एवढ्याशा नळीत ती बसवायची म्हणजे ताटातलं सगळं उलटं करावं लागतं. आधी अंडं, पनीर, मासा, दही. मग भाजी. भाकरीचा तुकडा जागा उरली तर.

पांढऱ्या रश्श्यानं बऱ्याच जणांना फसवलंय. पातळ आहे, सरकन उतरतो, पोट भरल्यासारखं वाटत नाही. पण त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस आणि मटणाची चरबी. उलट पाव, कोरडा भात, चिवट मटण हे अडकतं. छातीत दगड बसल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ जमते. अशा वेळी पाणी पिऊन ढकलायचं नाही. घास थांबवायचा, उठायचं, चार पावलं चालायचं. हे मला आधीच माहीत होतं म्हणून पहिल्यांदा अडकलं तेव्हा मी घाबरले नाही. वहिनींचा बायपास आहे, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडलेली, त्यांचं वेगळंच. गुऱ्हाळावर आग्रहानं घेतलेला रसाचा अर्धा ग्लास त्यांना असा बाधला की घाम, धडधड, पोटात कळा. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात. कोल्हापूरच्या गुळाला नाही म्हणायचं म्हणजे माणसाची परीक्षाच असते.

आग्रह ही तर आपल्याकडची खरी अडचण. गावच्या जत्रेला आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या ताटाकडं बघितलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी ह्या वयात चार भाकरी खातो, आन् ही बघा, चिमणीवाणी टिपतीया. लोक म्हणतील सासू खायला घालत न्हाई." यावर तोड काकांनी सांगितली, आणि ती मी आजतागायत वापरते. हातात बादली-पळी घ्यायची आणि वाढायला उठायचं. वाढप्याला कुणी आग्रह करत नाही. सगळ्यांचं झालं की कोपऱ्यात बसून चार तुकडे आणि अर्धी वाटी. आता आत्याबाई पाहुण्यांना सांगतात, "सून लई कामाची हाय."

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. न्हाणीच्या जाळीवर अडकलेल्या गुंत्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला, तर मास्तरणीनं तिचा जुना फोटो टाकला, माझ्यापेक्षा मोठ्या गुंत्याचा. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की झपाट्यानं वजन उतरलं की असं होतं आणि केस परत येतात. पण तिच्या वेणीकडं बघून ते पटलं.

गोळ्या मात्र आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी-३, कॅल्शियम, लोह. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. "आता बरी आहे की" म्हणून गोळ्या सोडणारे सगळ्यात जास्त, मग हातापायाला मुंग्या येतात तेव्हा आठवण होते. वर्षातून एकदा रक्त तपासायचं, हे आम्ही एकमेकांच्या मागं लागून करून घेतो.

काही गोष्टींत आम्ही तोंड घालत नाही. सारख्या उलट्या, ताप, वाढलेले ठोके, पोटात जोराची कळ, काळी शौच, धाप, पोटरीला सूज. असं काही कुणी लिहिलं की उत्तर एकच, "फोन ठेव आणि दवाखाना गाठ." उलट्या थांबत नसतील तर बी-१ कमी होऊन मेंदूवर, नसांवर परिणाम होऊ शकतो, तिथं घरगुती उपाय सांगत बसायचं नसतं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही नाहीत, बायपासवाल्यांना तर त्यानं व्रण होतात.

आमचा दुसरा नियम मी भांडून करून घेतला. ग्रुपवर किलोचा आकडा टाकायचा नाही, आधीचे-नंतरचे फोटो टाकायचे नाहीत. पहिल्या वर्षी सगळेच हिरो असतात. वर्ष-दीड वर्षानं काटा थांबतो, पुढं बऱ्याच जणांचं थोडंफार वजन परत येतं. शरीराचीच ती ओढ असते, प्रत्येक वेळी हावरटपणा नसतो. काकांचं वजन परत वाढायला लागलं तेव्हा ते यायचेच बंद झाले. कारण काय तर "मागाला कामगार न्हाई". वहिनी आणि त्यांचे मिस्टर इचलकरंजीला गेले, सुताचा भाव, वीजबिल यावर तासभर बोलले, वजनाचं नावही काढलं नाही. दोन रविवारांनंतर काका आले, अर्धा फेरा चालले, आणि स्वतःहून म्हणाले की फरसाणाची पुडी गल्ल्यातच असते. मग डायटिशियनकडं आम्ही दोघं मिळून गेलो. लोकांना वाटतं गट लागतो तो पहिल्या महिन्यात. मला तो तिसऱ्या वर्षी जास्त लागतो असं दिसलं.

उद्यमनगरातल्या भावाचं जास्त लिहीत नाही, त्याला विचारून एवढंच लिहिते. खाणं गेल्यावर त्या जागी संध्याकाळची बाटली आली. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते, सवयही लागू शकते. आता तो समुपदेशकाकडं जातो आणि रविवारी सगळ्यांच्या आधी चौपाटीवर हजर असतो.

सध्या आमच्यात एक वाद चाललाय. २०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनं आपल्याकडंही मिळायला लागलीत, आणि ती घेणाऱ्या दोघी जणी आमच्यात येऊ का म्हणून विचारतायत. काकांचं म्हणणं, "ज्यांनी टाकं घेतलं न्हाईत त्यांना काय कळणार?" वहिनी म्हणतात, जेवण कमी झालं की प्रथिनांचा प्रश्न सगळ्यांना सारखाच. मी वहिनींच्या बाजूनं आहे, पण मास्तरणीचं मत अजून आलेलं नाही. तोवर त्या दोघींना एवढंच कळवलंय की चालायला सहाला सुरुवात होते आणि उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही.